बातम्यांतले शब्द आणि एक सही

मी दोनशे पानांची, एकेरी रेघांची वही बोलतेय. माझ्या पुठ्ठ्यावर सूर्यफुलांचं चित्र आहे. आत मात्र फुलांचा पत्ता नाही. आत राजीनामे आहेत, सभात्याग आहेत, पडलेली आणि पडता पडता वाचलेली सरकारं आहेत. कुणी मला नुसतं चाळलं तर वाटेल, ही एखाद्या पुढाऱ्याच्या माणसाची वही असावी. प्रत्यक्षात मी शीवच्या एका खासगी रुग्णालयात रेकॉर्ड रूममध्ये काम करणाऱ्या दर्शनाची आहे. माझ्या अशा दिसण्यामुळेच तिच्यावर संकट आलं. ते मनात सलतं, म्हणून बोलतेय. एरवी वह्या बोलत नाहीत. लिहिलेलं सांभाळायचं, एवढंच आमचं काम.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. कापलं, दुमडलं, मधोमध दोन पिना ठोकल्या आणि गठ्ठ्यात बांधलं. लालबागच्या एका स्टेशनरीच्या दुकानात मी जून महिनाभर मुलांची वाट बघत पडून होते. मुलं आली आणि शाळेनं सांगितलेल्या तपकिरी कव्हरच्या वह्या घेऊन गेली. मग एका संध्याकाळी सेहेचाळीस वर्षांची एक बाई आली. कुणासाठी हवी, असं दुकानदारानं विचारलं. ती जरा थांबली आणि "घरात लागते" म्हणाली. स्वतःसाठी घेतेय हे सांगायला तिला लाज वाटली होती. तीच दर्शना.

तिची लाज मला नंतर हळूहळू कळली. एकोणीस वर्षांपूर्वी ती त्या रुग्णालयात आया म्हणून लागली. अक्षर चांगलं म्हणून तिला रेकॉर्ड रूममध्ये घेतलं. फायली, त्यांचे नंबर, कुठला कागद कुठल्या फडताळात, सगळं तिला तोंडपाठ. मग रुग्णालय दुसऱ्यांनी चालवायला घेतलं आणि सगळा कारभार इंग्रजीत सुरू झाला. मोबाइलवर ग्रुप झाला. रोज त्यावर लांबलचक मेसेज यायचे. बाकीचे अंगठ्याचं चित्र टाकायचे, म्हणून तीही टाकायची.

एकदा मेसेज आला की रेकॉर्डच्या स्टाफला शनिवारच्या मीटिंगमधून एक्सक्यूज केलं आहे. म्हणजे तुम्ही आला नाहीत तरी चालेल. दर्शनाला 'एक्सक्यूज मी' तेवढं माहीत होतं. आपल्या हातून काहीतरी चूक झाली आणि ती माफ केली, असं तिला वाटलं. ती वर जाऊन मॅनेजर अजितसरांसमोर उभी राहिली आणि परत असं होणार नाही म्हणाली. त्यांना काही कळेना. मग कळलं, आणि ते हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. त्याच संध्याकाळी तिनं मला विकत घेतलं.

गिरगावात फणसवाडीतल्या एका जुन्या वाचनालयात दर शनिवारी चार वाजता इंग्रजीचा वर्ग चालायचा. फी नव्हती. शिकवायचे शरदचंद्र सर. त्यांनी उभी हयात वर्तमानपत्रात काढली होती, इंग्रजी बातम्या मराठीत आणण्यात. वय अठ्ठ्याहत्तर, पूर्ण बाहीच्या शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. विद्यार्थी चारच. दर्शना अर्धा दिवस संपवून शीवहून बस पकडून जायची आणि कोपऱ्यातली खुर्ची धरायची.

सरांची पद्धत वेगळी होती. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातली राजकारणाची एक बातमी कापायची, वहीत डाव्या पानावर डकवायची. त्यातले पाच शब्द किंवा वाक्प्रयोग उजव्या पानावर लिहायचे. वर तारीख, समोर मराठी अर्थ आणि खाली स्वतःच्या घरातलं एक वाक्य. राजकारणच का, असं दर्शनानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. सर म्हणाले, कारण राजकारणातली माणसं तीच तीच दहा कामं करतात. रुसतात, फुटतात, नाकारतात, आरोप करतात, माघार घेतात. बातमी रोज नवी असली तरी शब्द तेच परत येतात. आणि घरात तरी आपण दुसरं काय करतो?

खरंच होतं ते. माझ्या तिसऱ्या पानावर 'वॉकआउट' आहे. खाली दर्शनाचं वाक्य: सासरे अळणी आमटी बघून वॉकआउट करतात. 'अल्टिमेटम' आहे: पाणी जायच्या आत आंघोळी आटपा, हा माझा रोजचा अल्टिमेटम. 'बॅक आउट', 'टर्न डाउन', 'कॉल ऑफ', 'स्टेप डाउन' असे छोटे छोटे जोडशब्द तर पानंच्या पानं आहेत. 'लुक इंटू' लिहिताना सर म्हणाले होते, मंत्री 'वी विल लुक इंटू इट', म्हणजे 'आत डोकावून बघू, लक्ष घालू', म्हणाले की समजायचं, दार उघडणार नाही.

मला ते दिवस आवडायचे. दर्शना लिहिताना ओठ हलवायची, एकेक अक्षर उच्चारायची. तिच्या पेनाचा दाब इतका असायचा की मागच्या पानावर उठायचा. दुपारी डबा खाऊन झाला की ती मला टेबलावर उघडी ठेवून पाच शब्द घोकायची. तिथंच घात झाला. पण ते पुढं.

आणखी एक दिवस सांगायला हवा. सरांनी एका बातमीतलं 'मिस्टेक्स वेअर मेड' हे वाक्य फळ्यावर लिहिलं. चुका केल्या गेल्या. मग त्यांनी विचारलं, कुणी केल्या? चौघंही बातमी परत परत वाचत बसले. सर म्हणाले, शोधू नका, नाहीच आहे. माणूस वाक्यातून बाहेर काढलाय. "कुठलाही कागद समोर आला की आधी हे बघायचं, दर्शनाबाई. काम कुणी केलं, ते लिहिलंय की लपवलंय." दर्शनानं ते माझ्यावर लिहून खाली दोनदा रेघ ओढली.

त्यानंतर दीडेक महिन्यानं रुग्णालयात दोन पाकिटांची अदलाबदल झाली.

कुशाबा नावाचे साठीचे गृहस्थ शीवच्या किल्ल्याजवळ राहायचे. घशात गाठ होती, तिचा तुकडा तपासायला काढला होता. त्याच दिवशी बुधाजी नावाच्या दुसऱ्या एका माणसाचीही तशीच तपासणी झाली होती. दोघांचे नंबर लागोपाठचे. रिपोर्ट छापून पाकिटात भरले गेले आणि एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या पाकिटात गेला. पाकिटं रेकॉर्ड रूमच्या खिडकीवर आली. तिथून ती द्यायचं काम दर्शनाचं. तिनं पाकिटावरचं नाव बघून पाकिटं दिली.

कुशाबांच्या पाकिटातल्या कागदावर काळजीचं काही नाही असं लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते पेढे घेऊन आले. खिडकीतून एक पेढा दर्शनाच्याही हातावर ठेवला. मी तिच्या कोपराशी होते. तिनं हात पुसून तो खाल्ला होता.

अकरा दिवसांनी बुधाजी तणतणत आले. त्यांनी धास्तावून बाहेर दुसरीकडे तपासणी करून घेतली होती आणि त्यांना काहीच झालेलं नव्हतं. मग सगळं उलगडलं. ज्यांना गाठीचा आजार होता ते कुशाबा अकरा दिवस औषधाविना हिंडत होते.

त्या दिवसापासून रेकॉर्ड रूममध्ये कुणी मोठ्यानं बोलेना. दर्शना माझ्यावर लिहायला बसली तरी पेन कागदाला टेकून तसंच राहायचं, आणि माझ्या पानावर शाईचा ठिपका मोठा होत जायचा. तिला जेवण जाईना. पेढ्याचं ती कुणालाच बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी अजितसर रेकॉर्ड रूममध्ये आले. दर्शना फायली ठेवायला आत गेली होती. मी टेबलावर उघडी होते. त्यांनी मला हातात घेतलं, सहज चाळलं आणि मग सहज चाळेनासे झाले. 'लीक', माहिती फुटणं. 'कव्हर-अप', झाकपाक. 'प्रोब', चौकशी. 'व्हिसलब्लोअर', आतली भानगड बाहेर फोडणारा. 'नेम अँड शेम', नाव घेऊन लाज काढणं. वर तारखा. मी ओरडून सांगायला हवं होतं की साहेब, डावं पान बघा, ही विधानसभेची बातमी आहे. पण वहीला आवाज नसतो. त्यांनी मोबाइल काढला, माझ्या चार उजव्या पानांवरच्या नुसत्या शब्दांचे आणि तारखांचे फोटो घेतले, खालची घरातली वाक्यं सोडून, आणि मला पूर्वीसारखीच उघडी ठेवून गेले. माणसाच्या हाताला भीतीचा घाम असतो, तो मला त्यांच्या बोटांना लागला. त्यांनाही वरून कुणीतरी जाब विचारत असणार.

चार वाजता दर्शनाला वर बोलावलं. मला पिशवीत घालून ती गेली. अजितसर आवाज न चढवता बोलत होते. प्रकरण वाढू शकतं, पोलिसांत जाऊ शकतं, एकोणीस वर्षांच्या नोकरीला शेवटी डाग नको, असं ते म्हणाले. ती वहीत काय काय टिपून ठेवते हेही आम्हाला ठाऊक आहे, म्हणाले. दर्शनाला त्याचा अर्थच लागला नाही. मग त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला आणि पेनही दिलं. फक्त फॉर्मॅलिटी आहे, ताई, सही करा आणि निवांत घरी जा.

कागद इंग्रजीत होता. पाचच ओळी.

दर्शनानं तो उचलला आणि वाचायला लागली. ओठ हलवत. समोरचा माणूस बघतोय याची लाज वाटत असूनही वाचत राहिली. मी पिशवीत होते, तिच्या मांडीवर. पहिल्याच ओळीत 'टेंडर माय रेझिग्नेशन' होतं. माझं अकरावं पान. त्याच्यासमोर एका मंत्र्यांच्या राजीनाम्याची बातमी डकवलेली आहे. पुढं 'व्हॉलंटरिली' होतं, स्वखुशीनं. तेही त्याच पानावर. मग 'विथ इमिजिएट इफेक्ट', म्हणजे ताबडतोब, पान पंधरा. शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की 'लॅप्सेस वेअर कमिटेड' आणि त्यांची सगळी जबाबदारी मी घेते. चुका केल्या गेल्या. कुणी, ते नव्हतं. जबाबदारी घेणारी मात्र होती, आणि तिचं नाव खाली टाइप केलेलं होतं.

तिनं कागद खाली ठेवला. पेन त्याच्यावर आडवं ठेवलं. म्हणाली, "सर, ह्यात मी स्वखुशीनं सोडते असं लिहिलंय. मी स्वखुशीनं सोडत नाहीये. मला ह्याची कॉपी द्या."

तिला वाचता येईल हे अजितसरांनी धरलंच नव्हतं. कॉपी मिळाली नाही. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी नोटीस मिळाली. तुमच्यावर कारवाई का करू नये, ते सात दिवसांत लेखी कळवा. शिवाय रुग्णालयाची गोपनीय माहिती वहीत टिपल्याचा जास्तीचा आरोप होता. तो माझ्यामुळे. माझ्या आयुष्यात मला फाडून टाकलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलेला तो एकच दिवस.

त्या संध्याकाळी लालबागच्या त्यांच्या दोन खोल्यांत मी ओट्याजवळच्या फळीवर होते. दर्शनाचा नवरा दीपक एका शाळेची बस चालवतो. शांत माणूस आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सही करून टाक म्हणाला. मोठ्या लोकांशी कोण लढणार, दुसरीकडे कुठंतरी काम मिळेल, तुला झोप नाही, तुझी तब्येत बघवत नाही. तो तिच्या काळजीनंच बोलत होता. खरंतर दर्शनालाही सही करून मोकळं व्हावंसं वाटत होतं. सासरे जयवंत खिडकीशी बसले होते. गिरणी बंद झाली तेव्हा त्यांनीही एका इंग्रजी कागदावर सही केली होती. ती गोष्ट घरात कुणी काढत नसे.

त्या दिवशी त्यांनी स्वतःच काढली. नोटीस धरलेल्या तिच्या हाताकडे बघत म्हणाले, "तेव्हा माझो हात थरथराक नाय गो. कागदार काय लिवल्यानी ताच म्हायत नव्हता. तुझो थरथरता, म्हणजे तुका समाजला हा. आता समाजल्यार सही करू नको."

दीपकनं उठून चहाचं आधण ठेवलं. त्या घरात तो त्याचा होकार असायचा.

सकाळी कामावर निघताना चाळीच्या जिन्याखाली प्रिती उभी होती. तेवीस वर्षांची, रिपोर्ट छापून पाकिटात भरण्याचं काम करणारी. पूर्वी त्या कामाला दोघी होत्या. एकीला काढलं, तेव्हापासून ती एकटीच छापायची, भरायची आणि मधेमधे फोनही घ्यायची. पाकिटं तिनं भरली होती, हे दर्शनाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. प्रितीचे डोळे सुजलेले होते. तिनं एवढंच विचारलं, "ताई, माझं नाव देणार काय?"

दर्शनानं तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मला माहीत नाही गं, असं म्हणून ती बसस्टॉपकडे चालायला लागली. थोडं पुढं जाऊन मागं वळून बघितलं, तर ती मुलगी तिथंच उभी होती.

शनिवारी वर्ग सुटल्यावर दर्शना थांबून राहिली. तिनं सरांना सगळं सांगितलं, आणि तोवर कुणालाच न सांगितलेलं एक सांगितलं. नियम असा होता की पाकीट देण्याआधी ते उघडून आतलं नाव बाहेरच्या नावाशी ताडून बघायचं. ती ते करत नसे. "समोर माणसं उभी असतात, सर. त्यांच्यापुढं ओठ हलवत इंग्रजी वाचायची मला लाज वाटायची. म्हणून मी उघडतच नव्हते. त्या दिवशी उघडलं असतं तर कळलं असतं."

सरांनी चष्मा काढून पुसला. वाचनालयातला पंखा फिरत होता आणि माझी पानं उगाच फडफडत होती.

मग ते म्हणाले, उत्तर लिहू या. त्यांनी एक मसुदा सांगायला सुरुवात केली. मोठी, घोटीव वाक्यं होती. वर्तमानपत्रात शोभली असती. दर्शनानं दोन ओळी लिहून घेतल्या आणि थांबली. सर, हे तुमचं इंग्रजी आहे, म्हणाली. मला त्यांनी विचारलं तर ह्यातलं एकही वाक्य मला माझं म्हणून सांगता येणार नाही. मग तिनं माझ्या एकशे सत्तराव्या पानावर स्वतः लिहिलं. एकेक शब्द आठवून, मागची पानं उलटून. पाऊण तास लागला. सात वाक्यं झाली. ती मराठीत अशी होती:

मी राजीनामा देत नाही. पाकीट मी दिलं. पाकीट मी भरलं नाही. मी ते उघडून नाव तपासलं नाही, ही माझी चूक आहे. दोन माणसांचं काम एक माणूस करत होता, कामाचा तक्ता बघावा. मी कुणाचं नाव घ्यायला नकार देते. माझी वही बातम्यांची आहे, ती मी दाखवीन.

सरांनी वाचलं. व्याकरणाच्या दोन चुका पेन्सिलीनं दुरुस्त केल्या आणि चौथ्या वाक्याखाली पेन्सिल थांबवली. हे काढा, म्हणाले. त्यांना सिद्ध करावं लागेल ते तुम्ही आपण होऊन देताय. ह्या एका वाक्यावर नोकरी जाऊ शकते. आयुष्यभर बातम्या बघितल्यात मी, असं वाक्य कुणी लिहीत नाही.

"तुम्हीच म्हणाला होतात, कुणी केलं ते वाक्यात हवं," दर्शना म्हणाली. "मग माझ्या वाक्यातून मी कशी निघून जाऊ?"

सरांनी पेन्सिल उचलली. ते वाक्य तसंच राहिलं.

चौकशी पुढच्या आठवड्यात झाली. त्याआधीचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दर्शना दिवसातून चारदा मला उघडायची, ते पान वाचायची, मिटायची. त्या पानाचा कोपरा दुमडून दुमडून फाटत आला. चौथं वाक्य खोडायला तिनं दोनदा पेन हातात घेतलं होतं, हे मी बघितलंय. एकदा तर टोक टेकवलंही. तो ठिपका अजून आहे.

चौकशीला तिघंजण होते. अजितसर, एक वयस्क डॉक्टर आणि बाहेरून बोलावलेल्या एक वकीलबाई. बाहेरच्या बाकावर प्रितीलाही बसवून ठेवलं होतं. सुरुवातीलाच अजितसरांनी माझ्या पानांचे फोटो पुढं ठेवले. 'लीक' आणि 'कव्हर-अप' हे शब्द तुम्ही कशाबद्दल लिहिले, असं वकीलबाईंनी विचारलं. दर्शनानं पिशवीतून मला काढलं आणि टेबलावर पूर्ण उघडलं, दोन्ही पानं दिसतील अशी.

वकीलबाईंनी डावीकडची बातमी वाचली. मग उजवीकडे आल्या. 'लीक'खाली दर्शनाचं वाक्य होतं: चाळीच्या गच्चीला लीक आहे आणि सेक्रेटरी म्हणतात वी विल लुक इंटू इट. 'कव्हर-अप'खाली होतं: नवऱ्याच्या हातून बरणी फुटली आणि सासऱ्यांनी कव्हर-अप केलं. बाईंनी आणखी पानं उलटली. वयस्क डॉक्टरांनी मान वाकवून बघितलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. अजितसरांनी फोटो उचलून फायलीत ठेवले. त्यांनी डावं पान आणि खालची वाक्यं बघितलीच नव्हती, हे त्यांनीच कबूल केलं. त्या क्षणी माझ्या पाठीवरचं ओझं उतरलं. दर्शनाचं मात्र उतरलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिच्या लेखी उत्तरातलं चौथं वाक्य वाचलं आणि विचारलं, का नाही तपासलंत? मराठीत सांगितलं तरी चालेल. दर्शनानं मराठीतच सांगितलं. लाजेचं सगळं सांगितलं, ओठ हलण्याचंही. खोलीत कुणी काही लिहून घेत नव्हतं.

मग त्यांनी कामाचा तक्ता मागवला. तो येईपर्यंत दार वाजलं. प्रिती आत आली. बाहेर तिला सगळं ऐकू गेलं होतं का, मला माहीत नाही. ती दाराशीच उभी राहून म्हणाली की पाकिटं तिनं भरली होती. त्या दिवशी एकशे बारा होती. मधे फोन वाजला होता.

निकाल आठ दिवसांनी आला. नोकरी दोघींची राहिली. दर्शनाला लेखी ताकीद मिळाली, ती तिच्या फायलीत कायम राहील. प्रितीची बदली तिसऱ्या मजल्यावर झाली आणि ती आता दर्शनाशी फारशी बोलत नाही. का ते मला उमगलं नाही. कदाचित ज्याच्यासमोर आपण सर्वांत घाबरलेले असतो त्याला परत भेटणं जड जात असावं. पाकिटं भरायला आता दोन माणसं आहेत. निकालाच्या खाली इंग्रजीत एक ओळ होती: कर्मचाऱ्यांनी संबंधित रुग्णांशी कसलाही संपर्क करू नये.

ती ओळ दर्शनानं ओठ न हलवता वाचली. पुढच्या रविवारी सकाळी मला पिशवीत टाकून ती शीवला कुशाबांच्या घरी गेली.

ते दारातच खुर्चीवर बसले होते. उपचार सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. गळ्याभोवती मऊ पंचा होता, आवाज बसलेला होता. त्यांनी तिला ओळखलं. दर्शनानं बसायच्या आधीच सांगितलं, की पाकीट मी दिलं होतं, उघडून बघायचं माझं काम होतं, ते मी केलं नाही, मला माफ करा. इंग्रजीचा एकही शब्द त्यात नव्हता.

कुशाबांनी गळ्याभोवतीचा पंचा नीट केला. त्या अकरा दिवसांत फार बिघडलं नाही असं डॉक्टर म्हणतात, खरं काय ते त्यांनाच ठाऊक, असं ते हळूहळू बोलले. मग म्हणाले, "ते अकरा दिवस मी ढाराढूर झोपलो बघा. पण ती झोप माझी नव्हती. त्या दुसऱ्या माणसाची होती. त्याच्याकडे जाऊन आलात का?"

बुधाजींचा विचार दर्शनाच्या मनात आलाच नव्हता. तो माणूस बरा होता, त्यामुळे त्याचं काही देणं लागतो असं कुणालाच वाटलं नव्हतं. माझ्याही मनात नाही आला, आणि मी तर सगळं लिहून घेणारी.

"माझी भीती त्यानं भोगली अकरा दिवस," कुशाबा म्हणाले. "आधी त्याच्याकडे जायला हवं होतं."

आज मी हे सांगतेय ते शीवच्या बसस्टॉपवरून. बुधाजी परळला राहतात. पत्ता तिनं फायलीतून घेतलाय, आणि हे कुणाला कळलं तर यावेळी ताकिदीवर भागणार नाही. ते रागीट आहेत, खिडकीवर त्यांनी काय काय बोल लावले होते ते मी ऐकलंय. दार उघडतील का, उघडलं तर आत घेतील का, माहीत नाही. दर्शनाचा हात पिशवीत माझ्यावर आहे.

माझी थोडीच पानं कोरी उरली आहेत. ती भरली की वहीचं काय होतं ते मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्या घरातही कुणीतरी अशी वही लपवून ठेवत असेल. तिच्यातलं एखादं पान तुमच्या नजरेला पडलं, तर हात जोडून सांगते, समोरचंही पान वाचा.

बस आली. दर्शना चढली नाही. मागून दुसरी येतेय, तिच्यावरही परळच लिहिलंय. ती पिशवीचे बंद खांद्यावर नीट करतेय.